बिऱ्हाड हलविताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण बदलीच्या नोकरीतील माणसाला उद्देशून सर्रास वापरली जाते. ती वापरणाऱ्यांच्या लक्षात विंचवाची सोय येत नसावी. त्याला गॅसची जोडणी परत करावयाची नसते, मुलीच्या शाळेचा दाखला काढावयाचा नसतो आणि नव्या गावी गेल्यावर आपण येथेच राहतो हे कोणाला कागदाने पटवून द्यावयाचे नसते. माणसाच्या बिऱ्हाडात लाकूड, लोखंड आणि काच असते खरी. पण त्याहून अधिक वजन पत्त्याचे असते.

दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यातील घरबदलाचा इतिहास सुमारे सातशे वर्षांचा आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलविली आणि देवगिरीचे दौलताबाद केले. सुलतानाचा कारभार लहरी म्हणून बदनाम झाला असला, तरी वाटेची तयारी त्याने केली होती. दिल्ली ते दौलताबाद ही चाळीस दिवसांची वाट दुतर्फा झाडांची होती, असे इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. तरीही राजधानी टिकली नाही. काही वर्षांतच माणसे पुन्हा उत्तरेकडे वळली. वाट सिद्ध होती, दोन्ही टोके मात्र सिद्ध नव्हती. आजही ट्रक ठरला म्हणजे तयारी झाली असे मानणारी कुटुंबे हीच चूक लहान प्रमाणात करतात.

उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. पुण्यात राहणाऱ्या, राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थांची दिल्लीस बदली झाली. कार्यालय दिल्लीत, घर मात्र भाड्याचा विचार करून नोएडात घ्यावयाचे ठरले. घरात पत्नी, नववीत जाणारी मुलगी आणि वृद्ध आई. हातात सहा आठवडे.

रस्त्यावर न दिसणारी सीमा

पुण्याहून पिंपरीस गेल्यासारखेच दिल्लीहून नोएडास जाणे, अशी या कुटुंबाची पहिली समजूत असते. ती चुकीची आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हा १९८५ च्या कायद्याने आखलेला नियोजनाचा प्रदेश आहे; तो एक राज्य नाही. त्यात संपूर्ण दिल्ली आणि हरियाणा, उत्तर प्रदेश व राजस्थान यांचे काही जिल्हे येतात. मयूर विहारमधून नोएडात पाऊल टाकले की उत्तर प्रदेश सुरू होतो. गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात, गाझियाबाद पुन्हा उत्तर प्रदेशात. गाडीतून जाणाऱ्याला ही सीमा जाणवतही नाही. कागदांना मात्र ती पदोपदी जाणवते. वीज पुरवणारी कंपनी, वाहनाचा कर, भाड्याचा कायदा, मतदारसंघ हे सर्व त्या रेषेवर बदलते.

पगारातही तो फरक उमटतो. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावरील सवलत मोजताना दिल्लीतील घरासाठी वेतनाच्या ५० टक्के ही मर्यादा धरतात. नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबादसाठी ती ४० टक्के आहे. कार्यालय कोठे आहे याला येथे महत्त्व नाही, राहते घर कोठे आहे याला आहे. नोएडाचे स्वस्त भाडे किती स्वस्त पडते, याचा हिशेब ही तफावत धरून करावा. वर्षाचे भाडे एक लाखाहून अधिक असेल तर घरमालकाचा पॅन क्रमांक कार्यालयास द्यावा लागतो. महिन्याचे भाडे ५०,००० रुपयांच्या वर गेले तर भाडेकरूनेच त्यातून करकपात करून ती सरकारकडे भरावयाची असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर २ टक्के आहे. घरमालकाशी बोलणी होत असतानाच या दोन्ही गोष्टी काढलेल्या बऱ्या, कारण पॅन क्रमांक मागितला की काही घरमालकांचा चेहरा बदलतो.

पहिला कागद

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट नवी वाटते. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार, मग तो कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. दिल्ली परिसरात मात्र अकरा महिन्यांचा, केवळ मुद्रांकावर लिहिलेला आणि नोंदणी न केलेला करार सर्वत्र रूढ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. अकरा महिन्यांची युक्ती त्यातूनच जन्मली.

ही युक्ती स्वस्त आहे, पण तिची किंमत नंतर कळते. नव्या गावी पत्त्याचे कागद साखळीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. भाडेकरारावरून आधारवरील पत्ता बदलतो, आधारवरून बँकेतील, आणि त्या दोहोंच्या बळावर गॅस, मतदारयादी व शाळा यांची कामे होतात. पहिली कडी कच्ची असली की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न विचारला जातो. यास्तव थोडा खर्च सोसून करार नोंदविणे, निदान घरमालकास तसे विचारून पाहणे, शहाणपणाचे ठरते. आधारवरील पत्ता कुटुंबातील एकाचा बदलला की उरलेल्यांसाठी कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय २०२३ पासून आहे. वृद्ध आईच्या नावावर ना करार असतो ना वीजबिल, तिच्यासाठी ही सोय विशेष उपयोगी.

अनामत रकमेच्या बाबतीत दिल्ली परिसर मुंबईपेक्षा सौम्य आहे. एक किंवा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत हा तेथील रिवाज. उत्तर प्रदेशात तर २०२१ च्या भाडेविषयक कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांची कमाल मर्यादाच घातली आहे. रक्कम रोखीने न देता खात्यातून द्यावी आणि तिचा उल्लेख करारात असावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळविण्याची जबाबदारी घरमालकाची असते, परंतु ती पार पडली की नाही हे पाहण्यात हित भाडेकरूचे आहे. घर ताब्यात घेताना विजेच्या मीटरचे छायाचित्र काढावे आणि मागील बिल भरल्याची पावती मागावी. आधीच्या बिऱ्हाडाची थकबाकी नव्या बिऱ्हाडाच्या माथी येते ती याच जागी.

गॅस, शाळा आणि गाडी

महाराष्ट्रातील घरात नव्या वास्तूत पाऊल टाकल्यावर दूध उतू घालण्याची पद्धत आहे. त्यासाठी शेगडी पेटली पाहिजे, आणि शेगडी पेटण्याचा मार्ग जुन्या गावच्या वितरकाकडून जातो. गाव बदलताना सिलिंडर व रेग्युलेटर परत करून जोडणी बंद केल्याचे प्रमाणपत्र, ज्याला 'टर्मिनेशन व्हाउचर' म्हणतात, ते घ्यावे. अनामत परत मिळते आणि त्या प्रमाणपत्रावर नव्या गावी जोडणी मिळते. तेथे मात्र त्या वेळच्या दराने अनामत भरावी लागते. भरलेला सिलिंडर सामानाच्या ट्रकमध्ये टाकण्याचा मोह कोणी करू नये. दिल्ली व नोएडातील अनेक वसाहतींत नळाचा गॅस आहे. अशा घरात सिलिंडरचा प्रश्नच उरत नाही, फक्त शेगडी त्या गॅससाठी बदलून घ्यावी लागते.

शाळेचे गणित तारखांचे आहे. दिल्ली परिसरातील केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मे-जूनमध्ये उन्हाळी सुटी असते. महाराष्ट्रातील राज्य मंडळाचे वर्ष जूनमध्ये उघडते. जूनमध्ये पोहोचणारी मुलगी दोन महिने मागे पडलेली असते. नववीत केंद्रीय मंडळाकडे विद्यार्थ्यांची नोंदणी होते, आणि दहावी-बारावीत थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या ठराविक कारणांनीच मिळतो. बदलीच्या आदेशाची प्रत सामानात बांधली गेली, असे घडू नये. राज्य मंडळाच्या शाळेचा दाखला दुसऱ्या राज्यात चालावा म्हणून त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. पुण्यात असताना हे एका सकाळचे काम आहे. नोएडाहून ते एका रजेचे काम होते.

गाडी न्यावी की विकावी, याचा निर्णय भावनेने घेऊ नये. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वापरावयाच्या वाहनास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्याआधी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही. नव्या राज्याचा कर आधी भरावयाचा आणि जुन्या राज्याकडून उरलेला परत मागावयाचा, असा हा क्रम आहे; परतावा मिळविण्यासाठी चिकाटी लागते. सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील नोकरदारांना २०२१ पासून 'बीएच' मालिकेचा क्रमांक घेता येतो. बदलीच्या नोकरीत तो फार सोयीचा. जुन्या गाडीच्या बाबतीत दिल्ली परिसराचे नियम निराळे आहेत. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर तेथे निर्बंध आले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले आणि २०२५ मध्ये त्यांत बदल केले. शिवाय हिवाळ्यात हवा बिघडली की 'ग्रॅप' नावाने ओळखली जाणारी टप्प्याटप्प्यांची योजना लागू होते आणि जुन्या मानकांच्या मोटारी काही दिवस रस्त्यावर आणता येत नाहीत. पुण्यात उत्तम चालणारी आठ-नऊ वर्षांची डिझेल मोटार नोएडास नेण्यापूर्वी हे सारे पाहून घ्यावे.

ट्रकपाशी

आता सामान. येथे पैसे जातात, आणि कधी कधी सामानही. वाहतुकीच्या धंद्यात चोख कंपन्या आहेत, तशाच त्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन वावरणारे लोकही आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. दूरध्वनीवर इतरांपेक्षा बराच कमी आकडा सांगावयाचा, थोडी आगाऊ रक्कम घ्यावयाची, सामान चढविले की ते एखाद्या गोदामात उतरवून ठेवावयाचे आणि मग 'वजन जास्त भरले', 'सीमेवर कर लागला' अशा सबबींवर दुप्पट मागावयाचे. तोपर्यंत कुटुंब गाडीत बसलेले असते आणि घरातील सारे काही दुसऱ्याच्या कुलपात.

सीमेवरील कराची सबब ओळखणे सोपे आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर जकात संपली. वापरलेल्या घरगुती व वैयक्तिक सामानाला ई-वे बिलाची सक्ती नाही. सामानाची यादी आणि ते स्वतःच्या वापराचे असल्याचे स्वाक्षरीचे निवेदन चालकाजवळ असले म्हणजे झाले. दिल्लीत शिरणाऱ्या व्यापारी वाहनास मात्र महापालिकेचा पथकर आणि, २०१५ पासून, पर्यावरण शुल्क भरावे लागते. ते कोणी भरावयाचे हे दरपत्रकातच लिहून घ्यावे.

दरपत्रक घरी येऊन सामान पाहणाऱ्याकडूनच घ्यावे. माळ्यावरचा पितळी हंडा, आईंचा पाटा-वरवंटा आणि पुस्तकांचे खोके दूरध्वनीवर दिसत नाहीत, आणि वजन नेमके त्यांचेच असते. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे मालवाहतूकदाराकडे नोंदणीचे प्रमाणपत्र असले पाहिजे. ते पाहावे, पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरावेत, कोणा व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर नव्हे, आणि मोठा हिस्सा सामान उतरल्यावर देण्याचे ठरवावे. सामान चढल्यावर मिळणारी पावती, जिला उत्तरेत 'बिल्टी' म्हणतात, ती अत्यंत महत्त्वाची आहे. तीवर नगांची संख्या, ट्रकचा क्रमांक आणि जाहीर केलेली किंमत असावी. प्रत्येक नगावर क्रमांक घालून आत काय आहे ते आपल्या वहीत लिहावे. टीव्ही, शीतकपाट व धुलाई यंत्र यांची चालू स्थितीतील छायाचित्रे काढून ठेवावीत.

विमा हा शब्द येथे फार सैल वापरला जातो. सामानाच्या किमतीच्या काही टक्के रक्कम 'विम्यासाठी' म्हणून घेतली जाते. प्रत्यक्षात अनेकदा कोणत्याही विमा कंपनीची पॉलिसी काढलेली नसते, केवळ वाहतूकदाराची तोंडी हमी असते. विमा कंपनीचे नाव, पॉलिसीचा क्रमांक आणि आपले नाव असलेले प्रमाणपत्र हाती आले तरच तो विमा. त्यातही प्रकार आहेत. सर्व जोखमींची पॉलिसी हाताळणीतील तूटफूटही धरते. मर्यादित पॉलिसी आग, अपघात, ट्रक उलटणे एवढ्यापुरती असते आणि सर्वांत लहान पॉलिसी तर आग व वीज यांच्यापलीकडे जात नाही. विमा नसताना नुकसान झाले तर वाहतूकदाराची जबाबदारी, अधिक किंमत जाहीर करून जादा दर भरलेला नसल्यास, भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते. नुकसानीची लेखी सूचना सामान नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. सामान अडवून पैसे मागितले गेले तर वाटाघाटीत दिवस न घालविता पोलिसांकडे जावे. ग्राहक मार्गदर्शनासाठी १९१५ आणि पैशाच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हे राष्ट्रीय क्रमांक आहेत.

पोहोचण्याच्या वेळेचाही एक तिढा आहे. जड मालवाहनांना दिल्लीच्या रस्त्यांवर दिवसा प्रवेश नसतो, ती रात्री उशिरा आत येतात. उलट उंच इमारतींच्या वसाहती सामान चढविण्या-उतरविण्यास केवळ दिवसा परवानगी देतात, तीही सामानाची लिफ्ट आधी राखून ठेवली असेल तर. परिणामी मोठा ट्रक शहराबाहेर थांबतो आणि सामान लहान टेम्पोंत भरले जाते. काच फुटते ती बहुधा या दुसऱ्या चढउतारात. हा खर्च व ही जबाबदारी कोणाची, आणि वसाहतीच्या कार्यालयाचे प्रवेशपत्र कोण काढणार, हे पुण्यातच ठरलेले असावे. नोव्हेंबर ते जानेवारीत घर हलविणाऱ्यांनी दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. हवा अतिशय बिघडली की 'ग्रॅप'च्या अखेरच्या टप्प्यात जुन्या डिझेल ट्रकांना दिल्लीत येऊ देत नाहीत, आणि डिसेंबरअखेरचे धुके महामार्गही थांबविते.

लॉकर आणि खाते

दागिने, रोख रक्कम, मूळ दस्तऐवज ट्रकमध्ये जात नाहीत. वाहतूकदाराच्या अटींत या वस्तू वगळलेल्याच असतात. ते आपल्याबरोबर न्यावे लागतात. रेल्वेने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी, रेल्वे कर्मचाऱ्यांची हयगय सिद्ध झाल्याखेरीज, रेल्वेवर येत नाही. म्हणून क्रम उलटा लावावा. आधी नव्या गावच्या शाखेत लॉकर उपलब्ध आहे का हे विचारावे. खाते एका शाखेतून दुसरीत जाते, लॉकर जात नाही. तो रिकामा करून परत करावा लागतो आणि आगाऊ भरलेल्या भाड्यातील उरलेला भाग रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनुसार परत मिळतो. नव्या शाखेत लॉकर मिळण्यास वेळ लागणार असेल तर जुना काही महिने तसाच ठेवून दागिने पुढच्या फेरीत नेणे बरे. सासूबाईंच्या पाटल्या भाड्याच्या घरातील कपाटात ठेवून दिवसभर बाहेर राहण्यापेक्षा ते भाडे स्वस्त आहे.

बचत खाते हलविण्याची घाई नसते. कोअर बँकिंगमुळे कोणत्याही शाखेत व्यवहार होतो. शाखा बदलली तरी खाते क्रमांक तोच राहतो, आयएफएससी कोड मात्र नव्या शाखेचा होतो. पगार व लाभांश जेथून येतात तेथे तो कळवावा. पत्ता मात्र लवकर बदलावा. ग्राहकाच्या कागदपत्रांत बदल झाला की ३० दिवसांच्या आत बँकेस कळविणे अपेक्षित आहे. आधारवर जुना पत्ता असल्यास सध्याच्या पत्त्याचे स्वतःचे घोषणापत्र देता येते, त्यामुळे आधारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मोबाइल क्रमांक बदलू नये. जुलै २०१५ पासून एकाच क्रमांकावर देशभर सेवादाता बदलता येतो. खाते, गॅस, आधार, आयकर यांचे सांकेतिक आकडे ज्या क्रमांकावर येतात तो घरबदलाच्या धांदलीत बंद पडला, तर वर सांगितलेली साखळी एका रात्रीत तुटते.

मतदारयादीसाठी २०२२ पासून पत्ताबदलाचा अर्ज नमुना ८ वर होतो, मतदारसंघ बदलला तरीही. गृहविमा असेल तर तो घराच्या पत्त्याशी बांधलेला असतो. विमा कंपनीस कळविले नाही तर नव्या घरातील सामान विम्याबाहेर राहते. सर्वांत शेवटी आठवतात ते समभाग. वडिलांच्या काळातील एखाद्या कंपनीची पाकिटे जुन्या पत्त्यावर येत राहतात, परत जातात, आणि लाभांश सलग सात वर्षे घेतला गेला नाही की रक्कम व समभाग दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळतात, पण अर्ज करून आणि वाट पाहून.

अशी पाकिटे जुन्या दारात पडली की कळवील असा एखादा शेजारी हवा. त्यांचा क्रमांक ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी वहीत उतरवून घ्यावा. भांडी बांधून झालेली असतात, तेव्हा त्या दिवशीचा चहाही बहुधा त्यांच्याकडूनच येतो.